दसऱ्याला नॉर्वे

नाना, येत्या दसऱ्याला मी आईला नॉर्वेला घेऊन चालले आहे. मुद्दाम दसऱ्यालाच. तुम्ही असता तर ऐकून तुमच्या हातातला चहा सांडला असता, आणि तो सांडताना मला बघायचा होता. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, पण बापावरचा माझा राग काही गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

द्वारका चौकातल्या ट्रॅव्हलवाल्या बाई मला समजावत होत्या, "मॅडम, सगळे जूनमध्ये जातात. तेव्हा तिथं सूर्य मावळत नाही. ऑक्टोबरात नुसती थंडी, कशाला?" मी म्हटलं, ऑक्टोबरच हवा. मग कारणंही शोधून ठेवली. पार वर ट्रॉम्सो नावाच्या गावात तेव्हा आकाशात हिरवा उजेड हलतो म्हणे. फ्योर्डमध्ये, म्हणजे उभ्या डोंगरांच्या मधून आत घुसलेल्या समुद्रात, बोटींना गर्दी नसते. नवरा म्हणाला, "अगं, दसऱ्याला घराला कुलूप घालतं का कुणी?" घालतं. मी घालणार.

तुमच्या राज्यात दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस मळ्याबाहेर पाय टाकायची सोय नव्हती. झेंडूची तोडणी! शाळा बुडाली तरी चालेल, ताप आला तरी चालेल. स्वयंपाकघरात बियाणंवाल्याने दिलेलं कॅलेंडर होतं. त्यात एका महिन्याला निळं पाणी, काळे डोंगर आणि काठाला लाल लाकडी घरं, खाली लिहिलेलं नॉर्वे. मी सहावीत असेन. "नाना, इथं जाता येतं का?" एवढंच विचारलं. तुम्ही भाकरी मोडत होतात. "तिथं कोण तुझा बाप बसलाय? टोपलं उचल." सगळे हसले. महिना संपल्यावर तो कागद फाडून तुम्ही टोपल्याच्या तळाला घातलात. त्या निळ्या पाण्यावर ओली फुलं ओतणारे तुमचे हात मला अजून दिसतात.

पण माझं सोडा. आईचं मी सोडणार नाही. दर दसऱ्याच्या तोंडावर मामा पेठ गावाहून बहिणीला माहेरी न्यायला यायचा, सकाळच्या एसटीने, पिशवीत नागलीचं पीठ घेऊन. आणि दर वर्षी एकटा परत जायचा. शेवटच्या वेळचं तर मला स्पष्ट आठवतं. आई नवी साडी नेसून तयार आहे. तुम्ही मामाला चहासुद्धा न विचारता टोपलं देता. "आलाच हायेस तर चार ओळी तोड. मंग बघू." तो बिचारा दिवसभर वाकून फुलं तोडतो. ऊन उतरल्यावर तुम्ही म्हणता, "आता कुठं नेतो तिला? माळा काय तू ओवणार?" मामा हात धुतो. निघताना ओट्यावर आईच्या हातात आपट्याची चार पानं ठेवतो, दसऱ्याचं सोनं, दसरा दोन दिवसांवर असताना. आई साडी बदलते आणि सुई-दोरा घेऊन माळा ओवायला बसते. त्यानंतर मामा आलाच नाही, आणि तुम्ही म्हणालात, बरं झालं, कटकट गेली.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. वाटलं, आता आई मोकळी. कसली मोकळी! मळा वाट्याने दिलाय, तरी दसरा आला की ही टोपलं घेऊन वाफ्यात. "त्यांना आवडायचं नाय," म्हणते. मेलात तरी शब्द तुमचाच! म्हणून नाकावर टिच्चून ही तिकिटं. तिचा पासपोर्ट काढला, लोकरीची टोपी घेतली, माझ्या लेकीने तिला नकाशावर गावं दाखवली. ती सगळ्याला मान हलवत गेली. मला वाटलं, खूश आहे.

परवा मळ्यात जाऊन तिच्या हातात तिकिटं आणि टोपी ठेवली. तिने तिकिटं उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "दसऱ्यालाच सुट्टी काढली ना तू? मग मला पेठला ने ना. लय लांब नाय. मामाचे गुडघे गेलेत, त्याला येता येत नाय. दसऱ्याच्या दिवशी त्याच्या हातावर सोनं ठेवायचंय एकदा."

मी चिडले. म्हटलं, पेठला काय, कधीही जाता येईल. तिने टोपीची घडी घालून ती माझ्या पिशवीत ठेवली. घरी येईपर्यंत मी तिच्यावरच धुमसत होते. पेठ म्हणजे जीपने दीड-दोन तास. तेवढ्यासाठी तिला इतकी वर्षं लागली, आणि कुठं जायचंय हे मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

हे पत्र कुठं जाणार नाही ते बरंच आहे, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मांडीवर थाप मारून हसला असतात. तिकिटं अजून रद्द केलेली नाहीत. तिला पेठला नेऊन तुमची पुरेशी जिरत नाही, नाना, म्हणून मी अजून तिला हो म्हटलेलं नाही.