डाव्या खिशातल्या लिंबाच्या गोळ्या

८ नोव्हेंबर, सकाळ. गाडीत.
व्याख्यानांचा दौरा सुरू. विषय : जिभेवर ताबा. निघताना डॉक्टरांनी बजावलं, परत आल्यावर रक्त तपासू. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली तर दौरे बंद. घरी बसून टीव्हीवर दुसऱ्यांची भाषणं ऐका म्हणाले. दुसऱ्यांची भाषणं! मला! त्यापेक्षा गोड सोडणं सोपं.
संकल्प : बाहेर जेवताना गोड वर्ज्य. अपवाद नाही.
हिने कोटाच्या डाव्या खिशात लिंबाच्या गोळ्या कोंबल्या. साखर एकदम उतरली तरच खायच्या, एरवी हात लावायचा नाही, असं दोनदा सांगितलं. मला गरज नाही, पण बायकोचं मन मोडवत नाही.

दुपार. रस्त्यावरचं हॉटेल.
बिनसाखरेचा चहा मागवला. वेटरने साखर घातलेला आणला. परत पाठवणार होतो, पण अन्नाची नासाडी मला तत्त्वतः मान्य नाही. ही म्हणाली, चहा अन्न कधीपासून झाला?
नंतर गाडीत हात थरथरल्यासारखा वाटला. तातडीने एक गोळी खाल्ली. ही म्हणाली, अहो, रस्ता खराब आहे, माझाही थरथरतोय.

९ नोव्हेंबर.
व्याख्यान जोरात. ‘एवढीशी जीभ आणि एवढा मोठा माणूस तिच्यामागे फरफटत जातो!’ या वाक्याला टाळ्या. जेवण हॉटेलात, बफे. पुडिंगकडे मी पाहिलंही नाही. आयोजक वकीलसाहेबांनी स्वतः बशी आणून दिली. दुसऱ्यांदाही त्यांनीच आणली. (मी फक्त पुडिंग कुठलं, एवढं विचारलं होतं.)
साखर तपासली नाही. मशीन बॅगेच्या तळाशी आहे.

१० नोव्हेंबर, सकाळ.
हिने मशीन काढलं. आकडा हास्यास्पद आला. प्रवासात मशिनं बिघडतात, असं मी समजावून सांगितलं. हिने स्वतःच्या बोटावर तपासलं. तिचा आकडा व्यवस्थित. म्हणजे मशीन अर्धवटच बिघडलेलं आहे.
ब्रेकफास्टला फळांचा रस. फळं निसर्गाने दिलेली आहेत, त्यामुळे मोजली नाहीत.
गाडीत काही गोळ्या चाखल्या. आणीबाणीच्या वेळी शिळ्या निघाल्या तर? ताज्या आहेत. खात्रीसाठी आणखी काही.

संध्याकाळ.
दुसऱ्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते. जेवून आले असणार; माझ्या भाषणात दुसरं कारण संभवत नाही. नवा संकल्प : उद्या आधी भाषण, मग जेवण.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ. क्लबच्या हॉलमागची खोली.
शेवटचं व्याख्यान. ताटं मांडली होती, म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. घेतल्यावर नवा संकल्प आठवला. क्लबच्या अध्यक्षांना सांगितलं, आधी भाषण. ही म्हणाली, अहो, सुई टोचून झालीये, आधी चार घास खा. मी म्हटलं, अर्ध्या तासात आवरतो. म्हणाली, तुम्ही? अर्ध्या तासात तुमचं ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ होतं!
तासाच्या वर एक मिनिट बोलणार नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार.
तपशील थोडक्यात लिहितो. तास कधीच उलटून गेला होता. ‘मालक कोण? तुम्ही की तुमची जीभ?’ अशी गर्जना केली आणि घाम फुटला. आधी वाटलं, वक्तृत्वाचा आवेश. मग अध्यक्ष दोन दिसू लागले. क्लबला एकच आहेत. डाव्या खिशात हात घातला. कागद. आणखी कागद. गोळ्यांचे चुरगळलेले, रिकामे कागद मूठभर निघाले आणि माइकसमोर सांडले. माइक चांगल्या प्रतीचा होता. चुरचुर शेवटच्या रांगेपर्यंत गेली.
ही व्यासपीठावर चढली. अध्यक्षांच्या हातातला रसाचा ग्लास काढून घेतला, माझी मान धरली आणि म्हणाली, गिळा. माइकने तेही सर्वांना ऐकवलं. लोकांना वाटलं, प्रात्यक्षिक आहे. टाळ्या.
मला खुर्चीत बसवून जेवण दिलं. तेवढ्यात कुणीतरी प्रश्न विचारला आणि हिने उत्तर दिलं. मग चहाचं सांगितलं, पुडिंगचं सांगितलं, अर्धवट बिघडलेल्या मशीनचं सांगितलं. हॉल हसून लोळत होता. परवा घोरणारे गृहस्थ इथेही आले होते. ते टक्क जागे होते.

१६ नोव्हेंबर.
रिपोर्ट आला. आकडा लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचे दौरे बंद. मी म्हटलं, क्लबने पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, शब्द कसा मोडू? ही म्हणाली, ते बोलावणं मला आहे. विषय तोच. डॉक्टरांची हरकत नाही. मी सोबत जाऊ शकतो. पहिल्या रांगेत, जेवून. गोळ्या तिच्या पर्समध्ये राहतील.
मोठ्या मनाने विचारलं, भाषण लिहून देऊ का?
म्हणाली, नको हो, मला खरंच अर्ध्या तासात संपवायचंय.