सोसायटीच्या टँकरवरचं गाणं

३ एप्रिल
घरच्या दुष्काळ निवारण समितीनं (अध्यक्ष, सचिव, सदस्य : सौ.) माझा दुसरा चहा बंद केला. लेखी निवेदन दिलं. त्याच कागदावर तिनं मिरच्यांची देठं काढली. स्वातंत्र्यानंतर एवढी गळचेपी कुणाची झाली नसेल.

५ एप्रिल
शेजारच्या कौसाबाईच्या सुजाताचं गाणं देशात एक नंबरला! चकलांब्यापासून गेवराईपर्यंत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर तीच. पुण्याला गेली तेव्हा गाव म्हणालं, पोरगी हातची गेली. आज म्हणतंय, "आमाला म्हाईतच व्हतं." तिला गाण्याबद्दल कधी कुणी शाबासकी दिली असेल तर ती मीच, असं मी पण चौघांत सांगून आलो. दिली होती का, आठवत नाही.

९ एप्रिल
दूध सोसायटीत दूध नाही, म्हणून तिचा टँकर पाणी आणतो. चहाला आपोआप सायीचा वास. (एकाच चहाला.) हॉर्न जळालाय. दुरुस्तीचा ठराव पुढच्या सभेत. तोवर ड्रायव्हर बशीर टपावरच्या कर्ण्यावर सुजाताचं गाणं लावतो. पहिली ओळ आली की गाव घागरी घेऊन पळतं.

१६ एप्रिल
सोसायटी सुजाताचा सत्कार करणार. चेअरमन : "विलेक्शन आलंय म्हणून न्हाई हां, संपादक." मी विचारलंच नव्हतं. (चार पानांचं साप्ताहिक काढतो म्हणून गाव मला संपादक म्हणतं. टोमणाच.)
सुजाताचा फोन. "काका, बाकी कुणी नसलं तरी चालंल. आईला म्होरं बसवा. तिनं मला स्टेजवर कदी ऐकलंच न्हाई."
शब्द दिला. कौसाबाई म्हणाली, "पाण्याच्या येळंला न्हाई ना?" चेअरमननी टँकर संध्याकाळवर टाकला. तेव्हा कुठं हो म्हणाली.

२२ एप्रिल
काय लिहू.
मांडव गच्च. कौसाबाई पुढच्या रांगेत, नवं लुगडं. शेजारी मी. चेअरमनचं भाषण संपलं (संपलं!). सुजातानं डोळे मिटून पहिली ओळ म्हटली.
मांडव उठला. सगळा. "आला, आला!" खुर्च्या आडव्या. चेअरमनची बायको, हारवाले, पोरं. आणि मी. मी! सत्काराचा नारळ काखेत मारून वेशीपर्यंत. रस्त्यावर नुसता फुफाटा. शेजारी कौसाबाई धापा टाकत, "माझी घागर कुटं ऱ्हायली वं, संपादक?"
मागं माइकवर ती गातच होती, आणि आम्ही उभं गाव टँकरची वाट बघत होतो.
मग कुणीतरी म्हणालं, "आरं, पोरगी..."
परत गेलो तर स्टेज रिकामं. मांडवात एकटा बशीर बसलेला.

२३ एप्रिल
सुजाता झुंजुमुंजूलाच गेली. आईशी एक अक्षर बोलली नाही. कौसाबाई सारखं एकच, "कावून पळाले मी? टँकर न्हाई हे ठावं व्हतं की मला."
बशीर : "मय तो पूरा सुन्या. आखरी तक आँख नई खोली बच्चीनं. चाबी मेरे खिशे में, मय कायकू भागू?"
सगळ्या गावाला हसणारा मी. या आठवड्याचं सदर कोरं.

२७ एप्रिल
बशीर आता गाणं लावत नाही, पत्र्याचा डबा बडवतो. सौ. तापानं पडलीय. रांगेत मी नवखा, पाणी संपलं. कौसाबाईनं आपल्या दोन घागरींतली एक आमच्या ओट्यावर ठेवली. सुजाता तिचा फोन उचलत नाही.

३० एप्रिल
आज परत कर्ण्यावर गाणं! बशीर म्हणाला, कौसाबाईनंच सांगितलं लावायला.
गाव पळालं. ती उंबऱ्यात बसून राहिली. घागरी कडेला पालथ्या. मांडीवर मोबाइल. हात एकदा घागरीकडं गेला, तिनं दुसऱ्या हातानं धरून ठेवला.
मी तिची एक घागर उचलली, रांगेत लागलो, भरून तिच्या दाराशी आणून ठेवली. तिनं वर पाहिलं नाही. गाणं अजून चालू होतं.