केसरचा नवरा कुठे होता?

४ जानेवारी, रविवार

वाचनालयात आज माझ्या कादंबरीवर चर्चा. चौदा माणसं, त्यातली चार चहासाठी. ‘केसरवाट’ पूर्ण वाचलेले सहा. त्यातल्या दोघांनी शेवट आधी वाचला आणि ते अभिमानानं सांगितलं.

नलूवहिनी (यापुढे न.व., पूर्ण नाव लिहायला शाई जाते) म्हणाल्या, “किती पवित्र प्रेम दाखवलंय हो! नाहीतर हल्लीची पुस्तकं वाचून आंघोळ करावीशी वाटते.” एक निवृत्त मुख्याध्यापक पान बेचाळीस उघडूनच बसले होते. बहामनी काळात मिरचीचा ठेचा कुठून आला? मिरची नंतरची. बरोबर आहे त्यांचं. पाच वर्षं खपून लिहिलं, आणि या गृहस्थांना ठेचा सापडला. वर पुस्ती: “कॉन्व्हेंटच्या मुलीनं एवढं मराठी लिहिलं हेच कौतुक.” मी अडुसष्ट वर्षांची मुलगी.

कॉलेजच्या मुलीला कथा ‘स्लो’ वाटली. म्हटलं, मिठाच्या गोण्या लादलेले बैल त्याच वेगानं चालायचे, बाळ.

निघताना एक बाई थांबली. कमल राठोड, नदीपलीकडच्या तांड्यावरची अंगणवाडी सेविका. “मॅडम, केसरचा घरवाला कुठी होता?”

“कोणता घरवाला? तिचं लग्नच झालेलं नाही.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मुखपृष्ठाकडे. जराशी हसली आणि गेली. लोक वाचत नाहीत. पानं उलटतात.


७ जानेवारी

बोरी अरबहून एका माणसाचा फोन. नाव सांगितलं नाही. “पुस्तक फस्कलास हाय बाई. पण तिच्या नवऱ्याचं काय केलं तुमी? मारला का?”

फोन ठेवून दिला. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडल्या, एकदाही कुणाची तोडली नव्हती. आज तोडली. बरं वाटलं.

कळंबच्या किल्ल्यावरचा स्वार आणि बंजाऱ्यांच्या तांड्यातली केसर. दोघंच आहेत गोष्टीत. तिसरा माणूस या लोकांना कुठून दिसतो?


९ जानेवारी

शकीलभाईंच्या प्रेसवर. पहिल्या तीनशे प्रती संपल्या. मी म्हटलं, यवतमाळला गेल्या असतील. “नाही बाईजी, यवतमाळच्या तर वापस आल्या. तांडेवाल्यांनी उचलली. एक नेते, अन् दुसऱ्या दिवशी दोघं मांगाले येतेत.”

फुगले. खोटं कशाला लिहू, फुगलेच.

दुसरी आवृत्ती काढायची. दुरुस्त्या वीस तारखेच्या आत. “फिर मेरे पास लग्नाच्या पत्रिका सुरू होतेत, मशीन तुमचं ऐकनार नाही.” त्यांना विचारलं, तुम्ही वाचली का? “छापली ना! हर पन्ना दो बार पाहिला.” हा माणूस तरी प्रामाणिक आहे.

ठेचा काढला. मीठ-भाकर केली.


१२ जानेवारी

तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, घरी आले. सत्तरीचे, पांढरा फेटा, सोबत कुणी नाही. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पुस्तक समोर ठेवून मुखपृष्ठावर बोट ठेवलं. केसरचा चेहरा, कानांवरून केसांना बांधलेल्या चांदीच्या घुगऱ्या. “हे काय हाय, बाई?”

“घुगरी.”

“कोन घालते?”

“बंजारा बायका.”

“लगन झालेली बाई घालते. कुवारी पोरगी घालतच नाही. आमच्यात लहान लेकराले बी मालूम हाय. तुमच्या पुस्तकात ती घुगरी वाजवत नदीवर जाते, त्या शिपायाले भेटते, अन् जाताना घुगरी काढून त्याच्या हातात देते. सौभाग्य देते ती त्याले! आमच्या बायकाईची बदनामी करून राह्यल्या तुमी. सारा तांडा वाचून राह्यला.”

मी काहीतरी बोलले. संशोधन, ग्रंथ, सूची. माझं मलाच ऐकवेना.

“येत्या सोमवारी पाच वाजता पारावर या. दहा लोकाईत सांगा, चुकलं म्हणून. अन् नव्या पुस्तकात काढून टाका. बस. माझं भांडन नाही.”

मी हो म्हटलं. नमस्कार करून गेले. दार लावलं आणि मोजलं. घुगरी सतरा ठिकाणी. सहाव्या प्रकरणाचं नावच ‘घुगरीचा नाद’. ‘कुमारिका’ एकदाही नाही. तशी गरजच वाटली नव्हती मला. नायिका म्हणजे…


१३ जानेवारी

झोप नाही, भूक नाही. सकाळपासून घरात येरझाऱ्या.

घुगरी आली कुठून? नऊ वर्षांची असेन. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला येताना बस बोरी अरबला थांबली. बाजाराचा दिवस. एक बंजारा बाई खिडकीखालून गेली. ती दिसायच्या आधी तिचा आवाज आला. एवढंच. आम्हाला शाळेत हातात बांगडी घालायचीही बंदी होती. तो आवाज साठ वर्षं कानात राहिला आणि तो मी केसरला देऊन टाकला. ती बाई कुणाची कोण, लग्नाची की बिनलग्नाची, हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीला पडला नाही, ते ठीक. साठीनंतरही पडला नाही.

ग्रंथसूचीत एकतीस पुस्तकं. तांडा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. पाच वर्षांत एकदाही पूल ओलांडला नाही.

न.व.ना बोलले, नाइलाजानं. “अगंबाई! म्हणजे ती लग्न झालेली?” मग फोनमध्येच आवाज खाली आणला. “मग काढून टाका ना. चार शब्दांचा तर प्रश्न. आमच्या भिशीत सगळ्यांना वाचायला दिलंय मी.” सगळ्यांना आंघोळी घालाव्या लागणार.


१४ जानेवारी, संक्रांत

सतराच्या सतरा ठिकाणी घुगरीऐवजी पैंजण.

सहावं प्रकरण मोठ्यानं वाचलं. मेलेलं आहे. पैंजण वाजतात, तो वळून बघतो, असल्या हजार नायिका पाण्याला जाऊन आल्या. शेवटी ती पैंजण काढून त्याच्या हातात देते. हसू आलं. पायातलं काढून हातात!

तरी तेच जाणार. चूक ती चूक. सिस्टरांनी एवढं तरी शिकवलं.


१६ जानेवारी

दुपारी पुढच्या खोलीत प्रुफं घेऊन बसले होते. अंगणात आवाज. दिसायच्या आधी ऐकू आला. पेन खाली ठेवलं.

कमल होती, तिच्यासोबत तिची आई जमनाबाई. पंचाहत्तरच्या पुढच्या. काचा लावलेली ओढणी, कपाळापासून कानांवर उतरलेल्या घुगऱ्या. कमल तिला याडी म्हणते. दोघींनी तिळगूळ घेतला. म्हातारी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत बोलायची, कमल मला सांगायची, मधेच म्हातारी स्वतःच वऱ्हाडीत यायची.

कमल रोज दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना बायकांना पुस्तक वाचून दाखवते, गोरबोलीत करून. दोनदा झालं वाचून.

जमनाबाई माझ्याजवळ सरकल्या. “बाई, एक गोठ सांगू? कोनी अशा बाईची गोठ सांगतली, का तिले शेवटी साप डसते, नाहीतर इहिरीत पडते. नाहीतर सांगनाराच शिव्या देते तिले. तुमी तिले एका बी शब्दानं नाव नाही ठेवलं.”

कमल म्हणाली, “याडीची लहान बहीन होती, मॅडम. झमकू. घरवाल्याले सोडून गेली एकासंगं. चाळीस वर्षं झाले. घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मी फोटो बी नाही पाह्यला. तुमचं सहावं वाचलं त्या दिवशी याडीनं नाव घेतलं. साऱ्या बायकाईसमोर. झमकू बी अशीच चालत जाये, म्हने.”

जमनाबाईंनी माझा हात धरला. “तुमाले कसं समजलं वो?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मला काही समजलं नव्हतं. मी तिला नाव ठेवलं नाही, कारण ठेवण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, “अजून तिळगूळ घ्या.”

टेबलावर प्रुफं उघडी होती. पैंजण, पैंजण, पैंजण. वर्तमानपत्र टाकलं त्यावर.


१७ जानेवारी

दिवसभर तेच. माझ्या अडाणीपणाला ती बाई धाडस समजली. इतकी मोठी दाद आयुष्यात मिळाली नाही आणि ती माझी नाही.

पैंजण छापले तर झमकूचं नाव पुन्हा बंद. घुगरी ठेवली तर नायकांची फसवणूक, आणि मी कायमची खोटी. मुख्याध्यापकांचा ठेचा किती सोपा होता.


१८ जानेवारी, रविवार

कमलला फोन केला. तीनदा लावला, दोनदा मीच कापला. शेवटी सांगून टाकलं. घुगरी ही माझी चूक होती. मला माहीतच नव्हतं.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. लाईन चालू होती, मला कळतं ते.

“मले पयल्याच दिवशी समजलं होतं, मॅडम. तुमी म्हटलं ना, तिचं लग्नच नाही झालं म्हून. घरी येयेपर्यंत हसू येऊन राह्यलं होतं.”

“आईला सांगितलंस?”

“कायले सांगू? याडी खुश हाय.”

“कमल, पण ते खोटं आहे गं.”

“तवा खोटं होतं. आता तर तुमाले मालूम हाय ना? मंग आता समजून लिहा.” मागून कुकरची शिट्टी. “अन् घरवाला कुठी होता, ते बी लिहा. सारे इचारून राह्यले. मी माझ्या मनानं सांगते, मीठ घेऊन दूर गेला. पन कोनाले पटत नाही.”

ठेवला तिनं. मीठ घेऊन दूर गेला! पाच वर्षांत मला एवढंही सुचलं नव्हतं.


१९ जानेवारी, सोमवार

सकाळी शकीलभाई. “बाईजी, कागद येऊन पडला. पैंजण छापू का घुगरी?” म्हटलं, काहीच नको. “मग?” म्हटलं, मशीन पत्रिकांना द्या. ते म्हणाले, पुढे लग्नसराई हाय, एकदा नंबर गेला की दोन महिने नाही. जाऊ दे म्हटलं. आवाज एक्स्चेंजमधला, सपाट. जुनी सवय.

नवरा लिहायला बसले. दुष्ट केला. छे, मग केसर निघून जाणार हे कुणीही सांगेल. चांगला केला, तर मीच तिच्यावर चिडायला लागले. तीन पानं फाडली. मी त्या माणसाला ओळखतच नाही. झमकूचा नवरा कसा होता, हे त्या घरात एकाच बाईला माहीत आहे. ती सांगेल का? आणि मी विचारायच्या आधी तिला सांगणार आहे का, की त्या दिवशी तिनं माझा हात उगाच धरला?

नायकांना कबूल केलंय. पाच वाजता, पारावर. चुकले हे सांगणारच, ते खरं आहे. ‘काढून टाकते’ हे म्हणायचं की नाही…

चार वाजून वीस. पायात चपला घातल्यात. वही मिटते.

कमलला विचारून घेतलं. पूल ओलांडला की सरळ एकच रस्ता. जमनाबाईंचं घर शेवटी. पार आधी लागतो.