माळावरची हाक

मस्कत

प्रिय मांय,

जासिंत अंकल शनिवारी मालवणात पोचतायत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. फोनवर हे जमलं नसतं. तू स्पीकर लावतेस आणि अर्धी वाडी ऐकते.

आठवडाभर तुझे फोन उचलले नाहीत. थोडा ताप होता, आवाज पार बसलेला, तो ऐकून तू घाबरली असतीस. आता बरा आहे. अंकलनी रोज पेज करून घातली. पण तुझा फोन वाजतच राहिला तेव्हा खवळले, "आवशीक ओ दी मरे! माळ इसारलंस काय?"

मग त्यांनीच सांगितलं. आम्ही जिथे क्रिकेट खेळायचो, त्या माळावर शंभरेक वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत आजाऱ्यांच्या झोपड्या होत्या. घरची माणसं कडेला पेज ठेवून लांबूनच नावाने हाक मारायची. ज्याची ओ येईना, त्याला तिथेच पुरायचे.

म्हणून तू तिन्हीसांजेला कडेला उभी राहून एकेकाला हाक मारायचीस, सगळ्यांची ओ आल्याशिवाय हलायची नाहीस. एकदा मी गंमत म्हणून गप्प बसलो, तर मला बडवलंस आणि स्वतःच रडलीस. तरी कधी भीती घातली नाहीस. माळ आम्हाला खेळायलाच दिलास. देव बरें करूं, मांय.

गुडघ्याला तेल लावतेस ना? एलिनाताईची पोरं माळावर जातात का? त्यांनाही हाक मार.

आणि मला हाक मारलीस, तर घसा बसलेला असला तरी ओ देईन.

तुझाच,
मेल्रॉय