उपाशी बाटली

२८ ऑक्टोबर १९९४
फळमाशीला खायला मिळेनासं झालं, की तिच्या पोटातल्या अर्ध्या वाढलेल्या अंड्याला कसं कळतं — आता आपण मरायचं? कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी विचारलं. 
कुणी मारत नाही त्याला. पेशी स्वतःच स्वतःला आवरतात. रंग देऊन काळोख्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की मरणाऱ्या पेशी हिरव्या चमकतात.

३१ ऑक्टोबर
सुट्टी लागली. माश्यांच्या दोन बाटल्या घरी आणल्या. एकीत यीस्ट, म्हणजे माश्यांचं खाणं; दुसरीत नुसतं साखरेचं पाणी — ती उपाशी बाटली.
आई म्हणाली, "मासळीवर बसतात त्या कमी पडल्या, म्हनून आनल्यास? यासाठी एवढी शिकलीस?"
थोरली बहीण जया दिवाळीला सासरच्या गावाहून, दिव्याहून आलीय. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, तेव्हापासून गप्पच. आज मात्र विचारलंन, "यांच्या पोटात काय हाय?"
"अंडी."
"म्हंजे सगळ्या पोटुशा?"
हसून हो म्हटलं.

२ नोव्हेंबर
सरांनी प्रयोगशाळा उघडून दिली. उपाशी बाटलीतल्या दहा माश्या तपासल्या. एकही अंडं चमकलं नाही! सगळी गुबगुबीत. मरायला हवी होती.
सर खुर्चीतून उठलेच. "हे कुठे नोंदलेलं नाही. पुन्हा कर!"

५ नोव्हेंबर
पुन्हा तेच. मरतच नाहीत.

८ नोव्हेंबर
दुपारी लवकर परतले. जया भिंतीकडे तोंड करून, उपाशी बाटली पोटाशी धरून बसलेली. कुजबुजत होती, "खा. तुमचं वाढलं तर माझं पन वाढंल."
कापसाचा बोळा सरकवून काडीने बाबांच्या ताडीचा गाळ आत सोडत होती. त्या गाळात यीस्टच की!
मी ओरडले. ती म्हणाली, "पोटुशीला उपाशी ठेवून बगतात का गो?"
मग सांगितलंन. सासू अर्धीच भाकर द्यायची — "पोर मोठं झालं तर बालंतपनात अडशील." पाचव्या महिन्यापर्यंत अर्धीच.
आता पुन्हा पोटुशी आहे, दोन महिने झालेत. कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त बाटलीला.

१० नोव्हेंबर
सरांना खरं सांगितलं. त्यांनी वहीतल्या नोंदींवर काट मारली. 
आईला अर्ध्या भाकरीचं सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्याच सासवा असं करतात. माझी पन करायची. तुलशीचं लगीन झालं की सहदेव न्यायला येल. नवरा हाय तिचा. तू मदे पडू नको."
जया आत भांडी घासत होती. आवाज थांबला. मग पुन्हा सुरू.

१३ नोव्हेंबर
जयाला विचारलं, परत जायचंय का. तिने नाही म्हणून मान हलवली. सकाळी एकटीच दिव्याला जाऊन आले. तिच्या सासूला तोंडावर सांगितलं — जया येणार नाही. जयाची कपड्यांची लोखंडी पेटी उचलून आणली. आमच्या ओटीवर ठेवलीय. आई बाजारातून यायचीय.