आहेराचा गोल

प्रिय पप्पा,

पत्र बघून घाबरू नका. मी बरी आहे, तुमचा जावईही बरा आहे. हे सगळं फोनवर सांगायला मी तीन वेळा सुरुवात केली. पण कोल्हापूरचं नाव निघालं की तिन्ही वेळा तुम्ही "बरं, आईला देतो" म्हणालात. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. चौकसपणा हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे असं तुम्हीच म्हणता, तर आता तो शेवटच्या ओळीपर्यंत सोसा.

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून म्हणतात. लग्न दोन महिन्यांपूर्वी करून पाहिलं. बांधायचं राहूच द्या, भाड्याच्या दोन खोल्या बघतानाच आम्ही मेटाकुटीला आलो. ऋतुराज शिरोलीच्या कारखान्यात रुजू झाला त्याला वीस दिवस झाले, आणि तेव्हापासून आम्ही कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये दोन बॅगांवर संसार करतो आहोत. घर बघायला गेलं की तो सगळे नळ सोडतो आणि प्लगच्या जागा मोजतो. मी शेजारी कोण आहे, दारात कुणाच्या चपला आहेत, कुणाचं कुणाशी पटत नाही, ते बघते. तुम्ही नाशिकमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकल्यात की राजारामपुरीत फ्लॅट घ्या, अनूला फिजिओथेरपीचं क्लिनिक जवळ पडेल, आणि काही झालं तरी पेठांमध्ये जाऊ नका. का, असं विचारलं तर म्हणालात, पेठेत गाडी लावायला जागा नसते. तीस वर्षांत ज्या माणसाने कोल्हापुरात पाऊल टाकलं नाही त्याला तिथल्या पार्किंगची एवढी माहिती कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

तरी राजारामपुरीतला फ्लॅट आधी पाहिला. छान आहे. तिसरा मजला, लिफ्ट, समोर कोचिंग क्लास, खाली औषधांचं दुकान. मालकांनी आधार कार्डं घेतली, किल्ली दाखवली आणि दुसरं काहीही विचारलं नाही. ऋतुराजला तो फार आवडला. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं, कारण तुम्ही आणि आई ज्या गावचे, त्या गावात मी कोण, कुठली, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तुमचं न ऐकता मी ऋतुराजला तुमच्या पेठेत घेऊन गेले. आपलं तिथं आता कुणी नाही हे मला माहीत आहे. आजी-आजोबा नाशिकला आपल्याकडे आले तेव्हा घर परस्पर विकलं तेही माहीत आहे. नुसतं बघून यायचं होतं. तर एका दारावर 'खोल्या भाड्याने देणे आहेत' अशी पाटी दिसली.

मालकीणबाई अंबूबाई म्हणून आहेत, पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांनी ऋतुराजला पहिला प्रश्न केला, "पावणं, कुठल्या तालमीचं?" तो बिचारा अमरावतीचा. त्याला वाटलं व्यायामाचं विचारतायत. तो म्हणाला, मी जिमला जात नाही, सकाळी चालायला जातो. अंबूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी त्याला समजावलं की इथं प्रत्येक पेठेला आपली तालीम असते, तालमीचा गणपती असतो आणि तालमीची फुटबॉलची टीम असते. जावई शोधताना पत्रिका एक वेळ बघायची राहील, पण तालीम विचारायची राहत नाही. आम्ही नवराबायको नवे आहोत हे कळताच त्यांनी मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. ओटी भरता भरता त्यांनी माझं माहेर विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. शेवटची ओंजळ त्यांनी ओटीत टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या, "कृष्णातची पोरगी व्हय तू. मग खोली न्हाय मिळायची, बाळ. आमचा थोरला त्या टीमात होता. तू हितं राह्यलीस तर तो माझ्या हातचं जेवायचा न्हाय." आशीर्वाद दिला आणि खोली नाकारली, दोन्ही एका दमात. मला राग यायला हवा होता, पण मला एवढं कुतूहल वाटलं की मी तिथंच बसून राहिले.

पप्पा, तुम्ही फुटबॉल खेळायचात हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी, ओटीत नारळ घेऊन बसलेली असताना कळलं. आपल्या घरात वर्ल्ड कप लागला की तुम्ही गच्चीवर झाडांना पाणी घालायला जायचात. मला वाटायचं, तुम्हाला खेळाची आवड नाही. तुम्ही तर तालमीचे गोलकीपर होतात. अंबूबाई म्हणाल्या तसा गोली पेठेत पुन्हा झाला नाही. आणि मग त्यांनी ते सांगितलं. आईच्या पेठेशी तुमची फायनल होती, आईशी तुमचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते, शेवटच्या मिनिटाला एक बॉल तुमच्या हाताजवळून आत गेला आणि अख्खी पेठ म्हणाली, "कृष्णातनं सासरवाडीला आहेर केला." आठव्या दिवशी तुम्ही नाशिकला नोकरी धरलीत आणि लग्नही तिकडंच झालं. मी विचारलं, गोल कुणी मारला होता? त्या म्हणाल्या, "चमननं. पलीकडच्या पेठंत गाड्यांची सीटकव्हरं शिवतोय. त्याला जाऊन इचार की." मला एवढं म्हणायचा अवकाश.

चमनकाकांचं दुकान आईच्या पेठेत आहे. रेक्झिनच्या गुंडाळ्या, एक मोठं शिलाई मशीन आणि बाहेर ओळीने उभ्या उघड्या सीटच्या मोटारसायकली. मी काही बोलायच्या आत त्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, "हे नाक मी वळखतो." बसायला स्टूल दिलं, मागच्या अंगणात हाक मारून बायकोला, शमशादचाचींना, चहा सांगितला आणि साठीच्या त्या माणसाने गुंडाळ्या बाजूला सारून मला तो गोल मारून दाखवला. चप्पल सुटून पाण्याच्या बादलीत पडली. ऋतुराजने ती काढून दिली, आणि काकांनी त्याच पायाने दुसऱ्यांदा दाखवला. अर्ध्या मैदानाच्या अलीकडून मारलेला, म्हणाले, वळत वळत गेलेला. आणि मग ते खाली बसले आणि म्हणाले, "तसला बॉल मी पुन्हा जन्मात मारला न्हाय. पर आमच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं न्हाय बघ. म्हणाली, पावण्यानं आहेर केलाय, तू कशाला मिरवतोस?" पप्पा, मी आजवर हा विचार केला नव्हता. ज्या गोलने तुमचं गाव गेलं, त्याच गोलने त्या माणसाचंही काहीतरी गेलं. तुम्ही तो सोडला असं ठरलं, म्हणजे त्यांनी तो मारलाच नाही असं झालं.

त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथं शमशादचाची शेवया वाळत घालतात. पाणी पहाटे साडेपाचला येतं, तेव्हा सगळी गल्ली जागी होते. प्लगच्या जागा कमी आहेत, असं ऋतुराज म्हणतो. गाडी लावायला जागा आहे, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते. काका म्हणाले, "खोल्या तुमच्याच. पर तुझ्या बाला एकदा हितं आणून बशीव. सोडला आसंल तर सोडला म्हणू दे, मी रागवायचा न्हाय. सोडला नसंल तर माझा गोल मला दिऊ दे."

आता जे लिहिते ते वाचताना पत्र मिटू नका. चहा पिताना काका सहज म्हणाले की दर मॅचच्या आधी तुम्ही दोन्ही पंजे पसरून समोरच्या टीमला दाखवायचात, आणि म्हणायचात की बघा, अजून कुणाच्या बॉलनं यातलं एक बोट वाकवलं न्हाय. त्या दिवशीही दाखवले होते. दहाच्या दहा सरळ. माझा कप हातातच राहिला. तुमच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट मी जन्मल्यापासून वाकडीच बघते आहे. कंपनीत प्रेसमध्ये सापडली, असं तुम्ही सांगायचात. मी चार वर्षं लोकांचे सांधे हाताळते आहे, पप्पा. प्रेसमध्ये सापडलेलं बोट चेचतं, नख जातं, व्रण राहतो. तुमच्या बोटांवर ओरखडासुद्धा नाही. ती मागच्या बाजूला निखळली आहेत आणि कुणी वेळेवर बसवली नाहीत, म्हणून तशीच राहिली. शिकत असताना मी एकदा तुम्हाला हे म्हणाले होते, तेव्हा तुम्ही हात खिशात घातला होतात. तुम्ही त्या बॉलपर्यंत पोचला होतात. तो तुमची बोटं मोडून आत गेला.

मग तुम्ही हात का नाही दाखवलात, हे मला कळेना. पेठेत नुसता पंजा वर केला असतात तरी सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. दोन दिवस हेच डोक्यात होतं. ऋतुराज म्हणाला, आता घर शोधतेस की बोटं? शेवटी काल आईला फोन केला आणि सरळ विचारलं. ती म्हणाली, "तुझी आजी पायगुण फार मानायची," आणि कुकर झालाय म्हणून फोन ठेवला. साखरपुड्याला पंधरा दिवस झालेले, आणि पोराचा हात मोडला, फायनल गेली. आजीने काय म्हटलं असतं ते मला सांगायला नको. सून अजून उंबऱ्याच्या आत यायची होती आणि लग्न तिथंच मोडलं असतं. त्यापेक्षा आठ दिवस हात खिशात लपवून गोल सोडला म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं. मी काल रात्री खूप रडले. ऋतुराजला कारण सांगितलं तर तो म्हणाला, राजारामपुरीला नको म्हणून कळवू.

तर आम्ही कळवलं आहे. येत्या रविवारी सकाळी आम्ही चमनकाकांच्या खोल्यांत राहायला जातो आहोत. शेगडीवर दूध उतू घालवायचं आहे. अंबूबाईंनी ओटीत घातलेल्या नारळाच्या वड्या करायच्या आहेत, आणि त्या मी त्यांच्या थोरल्याच्या हातात नेऊन देणार आहे, तो घेवो न घेवो. चमनकाकांना मी बोटांचं अवाक्षर सांगितलेलं नाही. ते माझं नाही सांगायचं. आजी जाऊन बारा वर्षं झाली, आणि आईचा पायगुण कसा आहे ते तीस वर्षं आपण सगळे बघतो आहोत. आता कुणापासून काही लपवायचं राहिलेलं नाही. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने आईला घेऊन निघा. काही बोलू नका, समजावून सांगू नका, ते तुम्हाला जमतही नाही. दुकानात या, डावा हात त्यांच्या मशीनवर ठेवा, आणि त्यांचा गोल त्यांना द्या.

उंबऱ्यावर वाट बघणारी,
तुमचीच
अनू