बापा म्हणताना

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

माणूस देवाला बाप म्हणून हाक का मारतो, याचं उत्तर मला येत नाही. तरीही त्यावर निबंध लिहिलाय आणि तो आमच्या विभागाच्या अंकात छापून येतोय. हसू नका. मानसशास्त्र शिकताना कळलं, की ख्रिस्ती माणसाचा देवावर जीव जडतो तो पुष्कळदा लेकराचा आईबापावर जडतो तसाच. ज्याच्या हाकेला घरी ओ मिळाली, तो देवालाही बिनधास्त हाक मारतो. बाकीचे प्रार्थनेतही दाराबाहेर उभे राहतात.

उदाहरण आपल्याच घरचं घेतलं. तुम्ही धुलाईखान्यातून दमून यायचात, बूट न काढता खुर्चीत डोळे मिटायचात. मी शाळेतलं काही सांगायला आले की आई ओठांवर बोट ठेवायची. म्हणून माझा देवही दमलेला आहे, त्याला उठवू नये असं वाटतं, असं लिहिलंय. शिकवणाऱ्या बाईंना फार आवडलं. प्रत सोबत आहे. आईलाही वाचून दाखवा.

तुमची लाडकी,
छबू

ता. १६ फेब्रुवारी

चि. छबूस,
अनेक आशीर्वाद.

निबंध आईला वाचून दाखवला, मग कामावर इस्त्रीवाल्यांनाही. घरातली पहिली पदवी, मिरवणारच.

पण एक पंचाईत झालीय. जेवणाआधी मी हात जोडतो, 'हे बापा' म्हणतो आणि गाडी तिथेच अडते. डोळ्यांसमोर मीच येतो, बुटांसकट. स्वतःला बाजूला सारावं तर मागे माझे वडील, हातात पट्टा घेऊन. या दोघांकडे काय मागायचं? आई म्हणते, लेकीने देवाला आपल्या खुर्चीत बसवलं, आता जेवण गार होईपर्यंत बघत राहा. ती हसते, पण घास तिलाही जात नाही. चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवतो. तू दूर गेल्यापासून तुझं नाव घेतल्याशिवाय कधी झोपलो नव्हतो. आता तेही आतच राहतं.

तू खोटं लिहिलेलं नाहीस, अडचण तीच आहे. पुस्तकांत यावर काही असेल तर कळव.

तुझा,
बाबा

ता. २३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सप्रेम सलाम.

पुस्तकांत आहे. घरी माया मिळाली नाही अशी काही माणसं देवाला उलट जास्तच घट्ट धरतात, असंही दिसून आलंय. मी ते लिहिलं नाही, कारण मी स्वतःपुरतं बघत होते. पट्ट्याचं तर तुम्ही कधी बोललाच नाहीत. अशा घरात वाढून तुम्ही जन्मभर 'बापा' म्हणून हाक मारलीत, ती तुमच्या वडिलांना खचितच नव्हती. मग माझ्या चार पानांनी ती का अडावी?

हे लिहिलं खरं, पण समजावून सांगितल्याने घशात अडकलेला शब्द सुटत नाही, हे मलाही कळतं. निबंध मी मागे घेणार नाही. तो खरा आहे, फक्त अर्धा आहे. पण तुम्ही गप्प झालात तर आपल्या घरातल्यांची नावं देवापुढे घेणारं कुणी उरत नाही, हे मला सहन होईना. मी किती वर्षांत प्रार्थना केली नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. पलीकडे कोणी ऐकतं का, तेही मला सांगता येणार नाही.

तुमचा शब्द सुटेपर्यंत तुमचं काम मी घेतलंय. काल तुमच्या जेवणाच्या वेळी खोलीतल्या मैत्रिणीला बाहेर पिटाळलं, दार लावलं आणि मोठ्याने 'हे बापा' अशी हाक मारली. आधी आईचं नाव घेतलं, मग तुमचं.

माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुमची,
छबू